दाराशी काय

पूरग्रस्तांच्या मदतीचं गोदाम सांभाळणाऱ्या काकांचा एकच हट्ट असे: पोचल्याबरोबर जे लागणार, ते ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी भरायचं, म्हणजे दार उघडताच हाताला लागतं. छावणीत तापाची साथ होती, म्हणून त्यांनी औषधांची खोकी दाराशी रचून घेतली. मग तो भरलेला ट्रक एका सहीसाठी चार दिवस फाटकात उभा राहिला. साहेबांकडे खेटे घालून काका मेटाकुटीला आले. पाचव्या दिवशी सही मिळाली, तसा त्यांनी छावणीतल्या नर्सबाईंना फोन लावला.

"बाई, निघतेय एकदाची गाडी. औषधं अगदी दाराशीच ठेवलीत."



"काका, गाडी पुन्हा भरता येईल? औषधं आत गेली तरी चालतील. तुमच्याकडे पांढरं कापड असेल, ते दाराशी ठेवा."