करमाडचीच शाळा

"मला करमाडचीच शाळा पाहिजे," सोनिया म्हणाली, आणि तेही मुख्याध्यापिकाबाईंच्या तोंडावर.

रूपालीला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. आठवीच्या प्रवेशासाठी मायलेकी करमाडहून सकाळची एसटी धरून शहरात आल्या होत्या. बाईंनी स्वतः फिरवून सगळं दाखवलं, प्रयोगशाळा काय, मुलींचं वसतिगृह काय. गणितं घातली तर पोरीनं उभ्या उभ्या सोडवली. बाई खूश. आता नुसतं हो म्हणायचं, तर ही बया नाय म्हणून बसली.

"जरा बाहेर बोलून घ्या तिच्याशी," बाई म्हणाल्या.

रूपालीनं पोरीला दंडाला धरून व्हरांड्यात आणलं. लाडावली, दुसरं काय! तिला स्वतःला असली शाळा कुणी लांबून पण दाखवली नव्हती. सातवी झाली की घरी बसवली आणि पुढं काकासाहेबाच्या गळ्यात बांधली. काकासाहेब शेंद्र्याला कंपनीत. नोकरी पक्की, चारचौघांत मान. लेकीचं तरी नशीब उघडावं म्हणून रूपालीनं महिनाभर त्याच्या मागं लागून हा प्रवेश कबूल करून घेतला होता.

"काय कमी हाय गं इथं? मैत्रिणी सोडवत नायत व्हय?"

"तसं नाय."

"मग? आता का दातखीळ बसली?"

सोनिया हळूच म्हणाली, "तिथली शाळा पप्पा कंपनीतून यायच्या आत सुटती. मी घरात असले की ते तुला मारत नायत."

रूपालीच्या हातातून दंड सुटला.

एवढी वर्षं तिनं आवाज न करता मार खाल्ला होता. वळ दिसलाच तर मोरीत पडले म्हणून सांगितलं होतं. लेकराला काय कळतंय, असं ती धरून चालली होती. रोज शाळा सुटली की पोर धापा टाकत घरी यायची. भूक लागली असंल म्हणून रूपाली आधी तिचं ताट वाढायची.

पोरीसाठीच तर त्या घरात राहिले, असं ती स्वतःला सांगत आली होती. आता तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

करमाडच्या गल्लोगल्लीतून बाया लेकरांच्या शाळेसाठी शहरात जाऊन खोली करून राहिल्या होत्या. नवरा गावाकडं, बायको लेकरं घेऊन शहरात. त्यांना कुणी नावं ठेवत नव्हतं, उलट सासवा पीठ-मीठ पोचवायच्या. तिची सख्खी जाऊ तशीच राहत होती. रूपालीनंच तिची भांडीकुंडी बांधून दिली होती.

रूपाली पोरीला घेऊन आत गेली. "मॅडम, नाव घाला. वसतिगृह नको. इथं जवळ खोली भेटंल का? मी पण येते राहायला. पोळ्या लाटीन, काय पडंल ते करीन."

"अहो, हिचे वडील?"

"पोरीच्या शाळेसाठी म्हणल्यावर त्यांना चारचौघांत नाय म्हणता यायचं नाय."

बाई बघू म्हणाल्या, आणि लगेच शिपायाला हाक मारून ओळखीच्या खोल्यांची चौकशी करायला सांगितलं.

परतताना एसटीत बसल्यावर सोनियानं विचारलं,

"मम्मी, असं आधी पण निघता येत होतं व्हय आपल्याला?"