स्टॉपवॉचचं बटण

गंगारामच्या बायकोच्या बाराव्याची पानं उठली आणि त्याच्या मुलाला, जितेंद्रला, आपलं महागडं क्रोनोग्राफ घड्याळ आठवलं. नवंकोरं राहिलं तर भाव चढेल म्हणून त्यानं मुंबईहून आणून ते मालवणच्या घरी ठेवलं होतं.

डबा उघडताच तो बापावर खेकसला, "बाबा, हात लावू नका म्हटलं होतं ना? काचेवर ओरखडे, स्टॉपवॉचचं बटण ढिलं. आता अर्धा भावही येणार नाही. रोज काय मोजत बसला होतात?"

गंगारामनं घड्याळ त्याच्या हातातून ओढून जमिनीवर आपटलं.



"तुझ्या आवशीचे श्वास. मिनिटाक किती पडतत, ता डॉक्टर रोज फोन करून इचारी होतो. तू एकदाय इचारलंस नाय."