देवमाशाचा दात

गावचाच कॅप्टन सवेनाका चटईवर मांडी घालून बसला आणि दोन्ही हातांवर देवमाशाचा दात धरून म्हणाला, "केलेरामावशी, लेबनॉनला शांतिसेनेची नवी तुकडी निघालीय. फिजी एवढासा देश, पण जगाच्या शांततेसाठी आपलीच पोरं पुढे असतात. धाकट्या एरोनीला द्या."

हा दात हाती घेतला की मागणं मान्य झालं, मग शब्द मोडता येत नाही. केलेराने हात पुढे केला नाही.

"थोरल्या इसोआला न्यायलाही असाच दात आणला होतास ना रे? त्याला परत आणलंस तेव्हा मात्र एक पेटी न् वर निळी टोपी!"

"मावशी, त्याचं जगात नाव झालं."

"जगात झालं. हाक मारली तर ओ कोण देतं?"

ती आत गेली. तेव्हाचा तो दात, खोबरेल लावून जपलेला, घेऊन आली आणि रीतीप्रमाणे दोन्ही हातांवर त्याच्यापुढे धरला.

"आता मी मागते. माझा इसोआ दे."

कॅप्टनने आपल्या हातातला दात चटईवर ठेवला, पण हात मांडीवरच राहिले.

"घे की," केलेरा म्हणाली. "मी तर लगेच घेतला होता."