तिसरा हात

सात खिडक्या झाल्या आणि आठवीपाशी गुणाजीचं काम अडलं. ती घराच्या बाजूला, गल्लीकडे होती. गल्ली म्हणजे दोन घरांमधली बोळ, एक माणूस आडवा झाला तर भरेल एवढी. पलीकडे ठक्करांच्या स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी असे. इकडची मात्र आतून कडी घालून घट्ट लावलेली. झडपा आणि चौकट यांच्यामधल्या फटीत तीन पावसाळ्यांची माती बसली होती.

"ही उघडून द्या, साहेब," गुणाजी म्हणाला.

मुलुंडच्या त्या बैठ्या घराचे मालक विद्याधरराव मागेच उभे होते. काम सुरू झाल्यापासून ते असेच उभे राहून हात मोजत. रंगाचा एक थर म्हणजे एक हात. रंगाखालच्या अस्तरावर दोन हात ठरले होते. रंगारी एक फराटा मारतात आणि दोन सांगतात, हे त्यांनी पहिल्याच सकाळी ऐकवलं होतं. गुणाजीने तेव्हा ब्रश खाली ठेवला होता. गिरणी बंद पडली म्हणून दोन वर्षं हे काम करतोय, पण खोटा हात आपण मारत नाही, एवढंच तो म्हणाला होता.

"ती बंदच असते," विद्याधरराव म्हणाले. "बाहेरून रंगव."

गुणाजीने समजावून सांगितलं. लाकूड पाणी पितं ते कडेने. कडा रंगवायच्या तर झडप उघडायला हवी, आणि रंग वाळेपर्यंत उघडी ठेवायलाही हवी. ओल्या रंगावर लावली तर ती चौकटीला चिकटते.

"चिकटली तर चिकटू दे."

"मग ती परत उघडायची नाय, साहेब. फोडूचीच लागतली."

विद्याधररावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि ते घरात गेले.

त्यांची मुलगी उत्तरा तीन वर्षांपूर्वी ठक्करांच्या मुलाशी लग्न करून या घरातून त्या घरात गेली होती. त्याच संध्याकाळी ही कडी लागली. वनमालाबाईंनी, म्हणजे उत्तराच्या आईने, हे गुणाजीला कामाच्या दुसऱ्याच दिवशी चहा देता देता सांगितलं होतं, दूधवाला किती वाजता येतो ते सांगावं तसं.

थोड्या वेळाने वनमालाबाई बाहेर आल्या आणि त्यांनी खलातला बत्ता गुणाजीच्या हातात दिला.

"ठोकून बघ. कडी निघालीय," त्या म्हणाल्या. "मी नाही काढली."

तीन ठोक्यांत झडपा सुटल्या. माती खाली सांडली. पलीकडे उत्तरा पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं, आणि मग पुन्हा सुरू झालं.

त्या दिवशी खरवडून अस्तर झालं. दुसऱ्या दिवशी गुणाजी पहिला हात द्यायला आला तेव्हा विद्याधररावांची आरामखुर्ची त्या खिडकीपाशी आली होती. पेपर वाचायला इथे उजेड बरा आहे, असं त्यांनी कोणी न विचारताच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुसरा हात चालू होता. गुणाजी बोळात स्टुलावर उभा होता. पाठीमागून उत्तराचा आवाज आला.

"काका, तिथे बसलेल्यांना सांगा, या वासाने त्यांचा दमा उसळतो. पुढच्या खोलीत बसा म्हणावं."

गुणाजीला कुठे बघावं कळेना. पेपर खाली आला नाही, पण पेपरामागून उत्तर आलं.

"तिला सांग, खिडकी उघडी आहे. वास बाहेर जातो."

गुणाजीने मान वळवली, पण सांगायचं काही उरलं नव्हतं.

"बाहेर म्हणजे आमच्याकडे," उत्तरा म्हणाली आणि कणकेचा गोळा घेतला.

पेपर किंचित हलला. पान मात्र बराच वेळ उलटलं नाही.

मग दोन दिवस गेले. गुणाजी स्टूल आणि डबे न्यायला आला. त्याने झडपेच्या कडेवर अंगठा दाबला आणि अंगठा निरखला. स्वच्छ होता.

"वाळला, साहेब. आता खुशाल लावा."

विद्याधरराव खुर्चीतून उठले. त्यांनी कडीवर हात ठेवला, तसाच राहू दिला, आणि मग काढून घेतला.

"अजून एक हात लागेल," ते म्हणाले.

"दोन ठरले होते. दोन बसलेत."

"माहीत आहे. मी मोजलेत."

पलीकडे लाटणं थांबलं होतं. गुणाजीने डब्यात पाहिलं. रंग केव्हाच संपला होता. तळ खरवडून घेतलेला, आणि त्यात रॉकेलने धुतलेला ब्रश उभा. त्याने ब्रश उचलला, फडक्याला पुसला, आणि स्टूल पुन्हा खिडकीखाली लावलं.

कोरडा ब्रश त्याने वरच्या कडेपासून सुरू केला. मग बिजागरीची बाजू. मग खालची कड, जी वाकल्याशिवाय दिसत नाही. घाई केली नाही. एक जागा सोडली नाही. विद्याधरराव वीतभर अंतरावरून, नेहमीसारखे, बघत होते.

काम संपवून गुणाजी खाली उतरला.

"दोन दिवस लावू नका," दोन्ही घरांत ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला. "रंग ओला आहे."