बोटीवर न्यायची साडी

टक् आवाज झाला, इस्त्रीचा दिवा विझला आणि दुपारची शांतता मोडली. नवऱ्याच्या केज गावातल्या खताच्या दुकानाला खतकंपनीनं क्रूझची सहल दिली होती, तीही जोडप्यापुरतीच. लेकीला आजीजवळ ठेवायचंय, हे त्या पोरीला सांगणं स्वप्नाली रोज उद्यावर ढकलत होती. बोटीवर इस्त्री नेऊ देत नाहीत म्हणे. मोबाईलवरच्या व्हिडिओतली बाई सांगते, साड्या गुंडाळा. “गुंडाळाय ती चटई हाय का?” सकाळी सासूबाई म्हणाल्या होत्या. “घडी घालून गादीखाली ठेव, इस्त्रीवानी बसती.” “बोटीवर काय आपली गादी न्यायची, आत्याबाई?” आता तिनं साडी गुंडाळली, सोडली, पुन्हा घडी घातली. नेमकं काय करावं, कळेना. तेवढ्यात लेक उठून आली. हातात गादीखालून काढलेला फ्रॉक होता. “आजी म्हणली तसं मी ह्याच्यावर झोपले. एक बी सुरकुती न्हाई. आई, बोटीवर न्यायला कंच्या बॅगेत ठेवू?”