जाळीवरची अंडी

मृणाल केणीने नर माशाला खाऱ्या पाण्याच्या टाकीतून उचलून गोड्या पाण्याच्या टबात सोडले. त्याच्या अंगाला चिकटलेले पारदर्शक कृमी गोड्या पाण्यात पांढरे पडून गळतात. माशाने तेवढा वेळ तग धरला पाहिजे.

मासा आडवा झाला.

"मॅडम, भायर काढूया तेका," मदतनीस धुरी म्हणाला. "ह्यो गेलो तर समुद्रात सोडूक काय माझी चप्पल नेतलात?"

समुद्रात या जातीचा एकही मासा उरला नव्हता. उरली होती ती ही जोडी. मादी शेजारच्या टाकीत काचेला तोंड लावून होती.

"थांब. कल्ले हलतायत."

अखेर तिळाएवढे पांढरे कृमी तळाशी गळू लागले. मृणालने माशाला स्वच्छ खाऱ्या पाण्यात सोडले. तो हळूहळू सरळ झाला.

धुरीने जुन्या टाकीतली जाळी उकळत्या पाण्याकडे नेली. "कृमींची अंडी असत हिच्यार."

"उकळू नकोस. खाऱ्या पाण्याच्या बरणीत ठेव."

"वैऱ्याक पाळतलात?"

"समुद्रातले हे मासे संपले तेव्हा त्यांच्यावरचे हे कृमीही संपले, धुरी. एवढेच उरलेत."

तिने बरणीचे झाकण घट्ट लावले आणि पुन्हा एकदा आवळून पाहिले.