गार इंजिन

वडिलांच्या काळातला ट्रॅक्टर विकल्याशिवाय आईच्या हृदयाचं ऑपरेशन होणार नव्हतं आणि डॉक्टरांनी तारीख दिली होती सोमवारची. शनिवार उजाडला, तिसरं गिऱ्हाईक दारात आलं. आधीची दोन काही कारण न सांगताच परत गेली होती, तरी मुलाला ट्रॅक्टरचा घोर नव्हता, कारण गेल्याच वर्षी त्यानं इंजिनचं सगळं काम स्वतः केलं होतं आणि ऐन गारठ्यातही ते पहिल्या झटक्यात सुरू व्हायचं.

गिऱ्हाइकाबरोबरच्या मेकॅनिकनं ना तेल बघितलं, ना चावी मागितली. नुसता इंजिनवर तळहात टेकवला आणि मान हलवली.

"जुनं इंजिन गार असताना सुरू होतं का, तेच तर बघायचं असतं. हे तुम्ही आधीच तापवून ठेवलंय. म्हणजे काहीतरी लपवताय."

"आईची शपथ, आठवडाभर चावीला हातसुद्धा लावला नाही मी!" तो काकुळतीला आला. पण आधीच्या दोघांसारखेच हेही छद्मी हसून चालते झाले.

त्यानं स्वतः हात लावून पाहिला. इंजिन खरंच गरम होतं. तो चाकाला टेकून मटकन खाली बसला.

आई धापा टाकत बाहेर आली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवू लागली.

"हातपाय गाळू नकोस रे. तुझ्या बाबांच्या वेळी थंडीत अडूनच बसायचा हा मेला ट्रॅक्टर, म्हणून मी काळजी घेतेय ना. उद्याचं गिऱ्हाईक किती वाजता येणार तेवढं आधी सांग, रेडिएटरमध्ये ओतायचं पाणी उकळायला वेळ लागतो."